रझिया मॅडमची कात्री

रझिया मॅडमनी नोकरीच्या पहिल्याच दिवशी मला हाड आणायला पाठवलं. बकऱ्याची नळी, आणि तीही अखंड. मी नवा शर्ट घालून, पदवीची फाईल बगलेत धरून त्यांच्यासमोर उभा होतो. "कॉम्प्युटर नंतर दावते. आधी नाक्यावरच्या खाटकाकडून नळी आण. फुटकी दिली तर त्याच्याच तोंडावर फेक," एवढं बोलून त्या आत गेल्या. मी वैजापूरचा, घर पक्कं शाकाहारी. शेजारी अंडी उकडली तरी आमची आई खिडकी लावून घेते. खाटकाच्या दुकानासमोर मी हेल्मेट न काढता उभा राहिलो, न जाणो गावाकडचं कुणी ओळखीचं दिसायचं.

आमची लॅब म्हणजे वाळूजमधला पत्र्याच्या छपराचा एक गाळा. पुढं कॉम्प्युटर, मागं एक जुनी पॉवर प्रेस. प्रेस म्हणजे पत्रा दाबून त्याला आकार देणारं यंत्र. खाली साचा असतो आणि वरून लोखंडाचा अवजड ठोकळा, ज्याला रॅम म्हणतात, तो आदळतो. मॅडमनी माझी नळी साच्यावर ठेवली आणि मला दोन्ही हातांनी दोन बटणं दाबायला लावली. आवाज फार मोठा आला नाही, तेच मला जास्त लागलं. मग त्यांनी साच्यातला चुरा गोळा करून माझ्या तळहातावर ठेवला.

"तुझ्या स्क्रीनवर हिसाब चुकला की तिथं हे होतं," त्या म्हणाल्या. "आता बस कोड शिकायला."

लॅबमध्ये येणाऱ्या कुठल्याच नव्या इंजिनिअरला ही नळी चुकली नव्हती. मुलाखतीत कुणाला किती येतं याच्याशी मॅडमना कर्तव्य नसे. नळी फुटताना ज्यानं डोळे मिटले त्याला ठेवून घ्यायचं, आणि जो हसला त्याला त्याच पावली घालवून द्यायचं, हा त्यांचा नियम. मी डोळे मिटले होते.

मॅडम ठेंगण्या, पन्नाशी ओलांडलेल्या, केसांना मेंदीचा लाल रंग. पंजाबी ड्रेसवर कारखान्यातले पोलादी टाचेचे, पोलादी नाकाचे बूट घालायच्या आणि दार उघडायला हाताऐवजी बूट वापरायच्या. मागच्या दाराला त्या बुटाचा खोलगट ठसा पडला होता. कीबोर्ड तर त्या इतके फोडायच्या, की सामान मागवताना आमचा हिशेबनीस न विचारता जास्तीचे मागवायचा. टेबलावर कायम एक पोलादी पट्टी असे. कोडमध्ये कुणी गफलत केली की ती पट्टी त्याच्या बोटांच्या सांध्यांवर बसे. मारायच्या, हे लपवण्यात अर्थ नाही. आज कुणी वरिष्ठ असं वागला तर त्याची तक्रार होईल, आणि व्हायलाच पाहिजे. माझ्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाला थंडीत अजून ठणका लागतो आणि प्रत्येक वेळी मी त्यांना एक शिवी देतो.

एवढा राग कुठून आला, याच्या लॅबमध्ये बऱ्याच कहाण्या होत्या. सगळ्यात चालणारी कहाणी अशी, की त्यांच्या भावाचा हात प्रेसमध्ये गेला. मीही ती खरी धरून चाललो होतो. मग एका ईदला त्यांच्या घरी शीरखुर्मा खायला गेलो, तर त्या भावानंच दोन्ही हातांनी वाटी पुढं केली. त्याचं शहागंजात कपड्यांचं दुकान होतं. मी त्याच्या हातांकडे टक लावून बघतोय हे मॅडमच्या लक्षात आलं. त्या म्हणाल्या, "याचं काय गेलं नाय रे. मी लहानपणापासून अशीच हाय. पाळण्यातबी दाईला चावली होती म्हणे." भावानं मान डोलावली.

आमचं काम ऐकायला किचकट वाटेल, पण आहे साधं. प्रेसवर पत्रा ठेवणारी माणसं दिवसभर साच्यात हात घालतात आणि काढतात. त्यांच्यासमोर प्रकाशकिरणांचा एक पडदा असतो, न दिसणारा. हातानं किरण तोडला की यंत्राला ब्रेक लागतो. पण ब्रेक लागल्याबरोबर रॅम थांबत नाही, थोडा घसरत खाली येतोच. किती घसरतो ते आम्ही मोजायचो, आणि त्यावरून पडदा साच्यापासून किती लांब पाहिजे ते लिहून द्यायचो. रॅमवर यंत्र लावलं की ते क्षणाक्षणाचा वेग नोंदवतं. त्या वेगाचा आलेख काढायचा आणि आलेखाखालचं क्षेत्रफळ काढायचं, तेवढा रॅम घसरला. हे क्षेत्रफळ कॉम्प्युटर बारीक बारीक पट्ट्यांची बेरीज करून काढतो. तो कोड मॅडमनी स्वतः लिहिलेला होता.

आणि स्वतःच्या कोडवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. रिपोर्टवर सही करण्याआधी त्या आलेख जाड कागदावर छापून घ्यायच्या, मोठी शिंप्याची कात्री काढायच्या आणि रेषेवरून कागद कापायच्या. मग तो तुकडा सोनाराकडच्या काट्यावर ठेवायचा. त्याच कागदाच्या मापातल्या चौकोनाचं वजन माहीत असायचं, त्यावरून क्षेत्रफळ निघायचं. कागदाचं वजन आणि कोडचा आकडा जुळला तर सही. कापताना त्या कागदावर असा काही राग काढायच्या, की समोर बसलेल्याचा हात आपोआप टेबलाखाली जाई. मी एकदा म्हणालो, की मॅडम, हे फार जुन्या काळातलं वाटतं. त्यांनी कात्री माझ्या टायच्या टोकावरून फिरवली आणि ते टोक काट्यावर ठेवून त्याचं वजन मला वाचायला लावलं. मी पुन्हा टाय घातला नाही.

एकदा पडदे विकणारा एक माणूस आला. गॉगल कपाळावर, बोलण्यात साखर. आमच्या मागच्या प्रेसवर त्यानं आपला पडदा बसवून दाखवला, आणि सोबत कुठून तरी आणलेला कागद, की पडदा साच्याच्या अगदी जवळ लावला तरी चालतो. कारखानदारांना जवळचाच पडदा हवा असतो, कारण लांबून हात घालायचा तर माल कमी निघतो. मॅडमनी कागद वाचला, प्रेस चालू केली आणि त्याचं मनगट धरलं.

"ठेव हात."

तो हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी त्याला ओढत साच्यापर्यंत नेलं, रॅम वरखाली होत होता आणि त्याचा गॉगल खाली पडून कुणाच्या तरी पायाखाली फुटला. तो रडकुंडीला येऊन म्हणाला, की मॅडम, माझी लहान लेकरं आहेत.

"अन् जे तिथं बसतात त्यांना लेकरांच्या जागी अंडी हायेत का?" असं म्हणून त्यांनी त्याला सोडलं. तो पडदा तिथंच टाकून गेला. नंतर किती तरी दिवस आम्ही त्याच्या खोक्यावर चहाचे कप ठेवायचो.

कोड लिहिण्याबद्दल त्यांचं एकच सांगणं होतं. स्क्रीनवर लाल अक्षरांत चूक आली की तिचं तोंड दाबायचं नाही. "लेकरू रडतंय म्हणल्यावर तोंडात बोळा कोंबशील का त्याला काय दुखतंय ते इचारशील?" हे वाक्य आम्हाला पट्टीसकट पाठ होतं. पण पाठ असणं वेगळं.

अमोल आमच्यातला सगळ्यात हुशार. सिडकोतला पोरगा, बोटं कीबोर्डवर तबल्यासारखी चालायची आणि स्वभाव इतका गोड की मॅडमची पट्टीही त्याच्यावर हळू पडायची. मॅडमचा जुना कोड एकेका क्षणाला स्वतंत्र हाक मारायचा. रॅम थांबला का? थांबला असेल तर वेग शून्य धर, कारण तिथं जे दिसतंय ते नुसतं यंत्राचं थरथरणं आहे. नसेल थांबला तर वेग आहे तसा घे. एका रिपोर्टला त्यामुळं फार वेळ लागायचा आणि लॅबचे पुण्यातले मालक रोज फोनवर कटकट करायचे. अमोलनं तो कोड बदलला. आता क्षणांचे गठ्ठे बांधून एकेका गठ्ठ्याला एकदम प्रश्न जायचा. चहा येण्याआधी रिपोर्ट तयार. नव्या प्रेसच्या जुन्या नोंदींवर आम्ही तो चालवून पाहिला, आकडे तंतोतंत जुळले. मॅडमनी खिशातली बडीशेप काढून अमोलच्या हातावर ठेवली. त्यांच्याकडून याहून मोठा मान आजवर कुणाला मिळाला नव्हता.

त्यानंतर मॅडम भाचीच्या लग्नाला हैदराबादला गेल्या. मालकांनी फोनवर सांगितलं, की वजनाची नाटकं पुरे, रिपोर्ट जाऊ द्या. रिपोर्ट गेले. त्यावर मालकांच्या सांगण्यावरून लॅबच्या दुसऱ्या वरिष्ठांनी सही केली.

मॅडम परत आल्या त्या दुपारी हाताला मेंदी होती. डबा खायच्या आधीच त्यांनी पाठवलेल्या रिपोर्टांचे आलेख छापायला सांगितले आणि कात्री घेऊन बसल्या. एक कापला, वजन केलं, बाजूला ठेवला. दुसरा, तिसरा. मग एक तुकडा त्यांनी काट्यावरून उचलला, पुन्हा ठेवला, फुंकर मारून धूळ उडवली आणि परत ठेवला.

"कागद जड हाय," त्या म्हणाल्या.

त्यांनी कोड उघडायला सांगितला. अमोल त्यांच्या शेजारी बसला, आम्ही मागं उभे. मॅडमचं बोट ओळींवरून खाली येत येत एका शब्दावर थांबलं.

"हे 'एनी' कुणी लिवलं?"

"मी, मॅडम. गठ्ठा दिला की एरर येत होती. त्या एररमध्येच लिहिलं होतं, एनी वापरा नाहीतर ऑल वापरा."

"मग एनीच का?"

"एनी लिहिलं आणि एरर गेली."

आम्ही सगळे पट्टीकडे बघत होतो. मॅडमनी पट्टी उचलली आणि खणात ठेवून खण लावून घेतला. मी त्यांना इतका कधीच घाबरलो नव्हतो.

झालं होतं ते असं. गठ्ठ्याला एकच प्रश्न विचारला, थांबलास का? कॉम्प्युटर गोंधळला. गठ्ठ्यात काही क्षण थांबलेले, काही चालू. त्यानं उलट विचारलं, की तुम्हाला काय म्हणायचंय, यातला कुणी एक थांबला असला तरी चालेल, की सगळेच थांबले पाहिजेत? अमोलनं 'कुणी एक' लिहून त्याला गप्प केलं. आता गठ्ठ्यातला एक क्षण जरी थांबल्यासारखा दिसला तरी सगळा गठ्ठा शून्य. नव्या प्रेसचा ब्रेक गुळगुळीत लागतो, रॅम न अडखळता थांबतो, तिथं आकडा जवळपास बरोबरच यायचा. पण ज्या प्रेसचा ब्रेक झिजलाय तिचा रॅम अडखळत, धक्के खात खाली येतो. प्रत्येक धक्क्याला वेग क्षणभर पडतो आणि पुन्हा चढतो. त्या क्षणभराच्या पडण्यानं अख्खा गठ्ठा हिशेबातून उडत होता. म्हणजे ज्या प्रेसचा ब्रेक जितका खराब, तितका आमचा रिपोर्ट चांगला.

"त्यानं तुला सवाल केला, अन् तू त्याचा गळा दाबला," मॅडम अमोलला एवढंच म्हणाल्या. मग त्याला खुर्चीवरून उठवून स्वतः बसल्या. 'एनी'ची ओळ खोडली आणि तिच्या जागी अशी ओळ लिहिली की गठ्ठा एकदमच जाईल, पण आतल्या प्रत्येक क्षणाला त्याचं त्याचं उत्तर मिळेल. जो थांबला तो शून्य, जो चालू तो चालू. कोडचा वेग तेवढाच राहिला. दोन ओळींचं काम होतं. त्यांनी पाठवलेले सगळे रिपोर्ट पुन्हा चालवले. नव्या प्रेसचे आकडे जागचे हलले नाहीत. एका प्रेसचा आकडा एकदम वर उडाला, अगदी काट्यावरच्या कागदाइतका.

ती प्रेस वाळूजमधल्याच एका प्रेस शॉपची. आमच्या रिपोर्टवर विसंबून त्यांनी पडदा साच्याच्या जवळ सरकवला होता आणि त्या प्रेसवर शिफ्ट चालू होती. मॅडमनी मॅनेजरला फोन लावला. बऱ्याच वेळानं त्यानं उचलला. तो म्हणाला, की तुमच्याच लॅबची सही आहे, आता उलटं काही सांगायचं तर लेखी पाठवा, उद्या बघतो. मॅडमनी फोन भिंतीवर फेकला आणि माझ्या कॉलरला धरून मला गाडीत घातलं.

तो रस्ता मी विसरणार नाही. शिफ्टच्या बसेस सुटलेल्या, दोन्हीकडून मोटारसायकली, आणि मॅडम हॉर्नवरचा हात न काढता मधून घुसत होत्या. एका टेम्पोचा आरसा आमच्या गाडीनं तोडून नेला. गेटवर वॉचमननं आडवा बांबू उचलला नाही, तर मॅडमनी गाडी तशीच पुढं घातली. बांबू मोडला, बॉनेट चेपलं.

आत जमीन हादरत होती. त्या प्रेसवर मंगल नावाची एक बाई होती, तिशीची, अंगावर कंपनीचा निळा कोट. पत्रा ठेवायचा, हात काढायचा, पायडल दाबायचं, पुन्हा हात घालायचा. तिचे हात इतके चपळ होते की बघणाऱ्याला भीतीच वाटावी. मॅडमनी धावत जाऊन तांबडं बटण दाबलं. प्रेस थांबली. मॅनेजर केबिनमधून आला, बटण मोकळं करून त्यानं सुपरवायझरला प्रेस चालू करायला सांगितली. मॅडमनी पुन्हा दाबलं. त्यानं पुन्हा मोकळं केलं आणि म्हणाला, की मॅडम, माल आज गेटबाहेर पडला पाहिजे, शिफ्ट संपू द्या, मग तुमचं काय ते बघू. मंगल परत साच्यासमोर उभी राहिली.

मग मॅडमनी मंगलला खांद्याला धरून असं ढकललं की ती भंगाराच्या पेटीवर जाऊन पडली. साचे बसवायला तिथं एक घण टेकून ठेवला होता. मॅडमनी तो उचलला आणि पडद्याचे किरण सोडणाऱ्या खांबावर घातला. काच उडाली. पडदा नसला की प्रेस चालूच होत नाही, बटण कितीही मोकळं करा. हे मॅडमना माहीत होतं आणि मॅनेजरलाही. दुसऱ्या बाजूचा खांब फोडायची गरज नव्हती, तोही फोडला. मग ज्या पेटीत वायरी होत्या ती. मग काहीच कारण नसताना मॅनेजरची टेबलावरची थर्मासची बाटली. माझ्या गालाला काचेचा तुकडा लागून रक्त आलं. मी घाबरलो होतो, आणि खोटं कशाला बोलू, मला बरंही वाटत होतं.

घण खाली पडल्यावर सगळीकडं शांत झालं. बाकीच्या प्रेस चालवणाऱ्यांनीही हात थांबवले होते. मंगल पेटीवरून उठली. तिचं कोपर खरचटलं होतं. ती मॅडमसमोर येऊन उभी राहिली.

"ही मशीन बंद पडली तर उद्यापासून मला कोण बोलावतंय? तुझ्या बापाची मशीन हाय का ही?"

आणि तिनं मॅडमच्या कानफटात ठेवून दिली. सगळ्या शेडमध्ये आवाज गेला. मी पुढं झालो, तर मॅडमनी कोपरानं मला मागं सारलं. पट्टीनं पोरांची बोटं सुजवणारी ही बाई गाल न चोळता उभी राहिली. मंगल अजून बोलत होती, मॅडमच्या सात पिढ्या काढत होती. मॅडम तिच्या तोंडाकडं बघतच नव्हत्या. मंगल बोलताना दोन्ही हात नाचवत होती आणि मॅडम त्या हातांकडं बघत होत्या.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते सांगताना मला अजून संताप येतो. तोडफोडीची पोलिसात तक्रार झाली. मालकांनी दुसऱ्या दिवशी फोनवरच मॅडमना घरी बसायला सांगितलं. त्या प्रेसच्या ब्रेकचे झिजलेले लायनर गुपचूप बदलले गेले आणि नवा पडदा लांब बसला, हे आम्हाला फिटरकडून कळलं. पण तिथं कुणाला काही लागलं नव्हतं, त्यामुळं तिथं काही झालंच नव्हतं, असं सगळ्यांचं मत पडलं. एक डोकं फिरलेली बाई आली आणि सामान फोडून गेली, एवढंच वाळूजमध्ये राहिलं. मंगलला त्याच शॉपमध्ये दुसऱ्या प्रेसवर घेतलं. अमोलनं नोकरी सोडली नाही. तो आता नव्या पोरांना नळी आणायला पाठवतो. मॅडम बहिणीकडं हैदराबादला गेल्या, आणि काही महिन्यांनी त्यांचा नंबर लागेनासा झाला.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच दुपारी, परतताना. चेपलेल्या गाडीतून त्या मला शहरात सोडत होत्या. क्रांती चौकात सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मी म्हणालो, "मॅडम, गाल सुजलाय. बर्फ आणू का?"

त्यांनी समोरचा छोटा आरसा स्वतःकडं वळवला. गालावर लाल वळ उठले होते. त्यांनी मेंदीचं बोट एकेका वळावरून सावकाश फिरवलं, कानापासून हनुवटीपर्यंत.

"पाचीबी बोटं उठलीत," त्या म्हणाल्या. मग आरसा आणखी जवळ ओढून निरखून बघितलं. "करंगळीबी हाय बघ."

सिग्नल सुटला. मागून हॉर्न वाजायला लागले, एक रिक्षावाला खिडकीशी येऊन शिव्या देऊन गेला. मॅडमनी गाडी हलवली नाही.